मापाची वही

बापाकडं एक लांबट वही होती,
लाल कापडी पुठ्ठ्याची, चामड्याचा आणि हिरड्याचा वास धरलेली.
गिऱ्हाइकानं पानावर पाय ठेवायचा
आणि बापानं गुडघे टेकून पेन्सिल फिरवायची
टाचेपासून अंगठ्यापर्यंत, न उचलता.

इंगवले वकिलांचा यशोधन त्या वहीत वाढला.
पान अकरा : वय पाच. इंग्रजी शाळेत घातला.
पान अठ्ठावीस : स्कॉलरशिपचा क्लास. डावा पाय किंचित मोठा.
पान एक्केचाळीस : दहावी. घरात कॉम्प्युटर आला.
ताराबाई पार्कातनं बाप जे ऐकून यायचा
ते मापाखाली लिहिलं जायचं,
सुंदर, गोल अक्षरात.

आमचे पाय वहीत नव्हते.
आम्हाला पानांची पाठकोरी बाजू.
पेन्सिल दाबून फिरलेली असायची, मागं वळ उमटायचा,
सोळाचा पाढा यशोधनच्या टाचेत मावायचा
एकोणतीसचा बोटांतनं बाहेर सांडायचा.

बारावीला आम्ही दोघंही फिजिक्समध्ये गेलो,
तो तीन मार्कांनी, मी दोन.
त्याच्या घरी त्याला 'गॅप' म्हणाले.
पुण्यात खोली, नवा क्लास, सकाळी बदाम.
आमच्या घरी म्हणाले, 'बास झालं',
आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात रापी.

हे मी पुष्कळ वर्षं सांगत आलोय
ऑफिसात, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत.
ऐकणारे मान हलवतात, कुणीतरी चहा सांगतं.
आणि यशोधन तसा वाईट नव्हता हो,
परदेशातनं आला की सुभाषनगरच्या बोळात गाडी लावून
बापाच्या पाया पडायचा.
बाप ओशाळा व्हायचा. पायाला हात लावायचं काम त्याचं.

पण मी एक मधलं पान गाळत आलोय.

रापी हातात आली त्या रात्री
शकाक्का आरी खाली ठेवून म्हणाली,
'मी रोज दोन जोडांची वेणी जादा घालतो.
ह्याला परत बसू दे.'
एवढंच. परत आरी उचलली.
चाळीस पावरचा बल्ब माझ्या बाजूला सरकवला,
स्वतः अंधारात घालत बसली वेणी
बोटांनीच बघत.

तिला सातवीतनं काढलेली.
गणिताच्या पाटणकर बाई दोनदा घरी आल्या होत्या,
बापानं त्यांना चहा पाजला, 'बघू' म्हणाला.
पोरीची बोटं बारीक, वेणीला बरी.
वहीतलं ते गोल अक्षर तिचं.
यशोधनची सगळी प्रगती
तिनं लिहून ठेवलीय, तारीखवार,
एकही शब्द न चुकता.

मी पास झालो. जिल्हा परिषदेत चिकटलो,
राजारामपुरीत दोन खोल्या, मग तीन.
ईश्वरीला टेबल आहे, टेबलावर दिवा,
मागच्या सहामाहीत गणितात घसरली तर
मीच बायकोला म्हणालो, होतं असं, वेळ देऊ तिला.
म्हणालो आणि जीभ चावली.

आक्का रविवारी येते. टेबलाशेजारी फरशीवरच बसते.
शेकडेवारीच्या गणितावर ईश्वरी पेन चावत बसली की
खालनं हळूच उत्तर येतं
आणि मग लगेच, 'मला काय कळतंय, तू कर तुझं.'

बाप गेल्यावर वही माझ्याकडं आली.
शेवटून तिसरं पान दोन्ही बाजूंनी कोरं निघालं.
परवा तिच्यापुढं ते फरशीवर पसरलं,
पेन्सिल घेतली, म्हटलं, आक्का, ठेव पाय.

तिनं लुगड्याच्या आत भेगाळलेल्या टाचा ओढून घेतल्या
आणि हसली, ती हसते तशी, तोंडावर हात धरून.
'खुळा हाईस काय?
माप घेतलंस म्हणून आता वाढणार हाय व्हय त्यो?'

मी तसाच बसून राहिलो, गुडघे टेकून.